अकरा जणांनी न उघडलेलं दार

अकरा जणांपैकी एकानेही दार उघडलं नाही. दाराबाहेर माझं चार मिनिटांचं स्वगत उभं होतं, आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं, आणि ही अकरा माणसं एकामागून एक कडी लावून मागच्या दाराने पसार झाली. मी बाजूच्या खोलीत टीव्हीसमोर बसून बघत होते. त्यातली अकरावी तर माझी पोटची मुलगी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, कुठलं दार, कुठलं स्वगत, नीट सांगा. बरोबर आहे. एकवीस वर्षं मालिका लिहिल्या की माणसाला हीच खोड लागते. आधी भाग कुठे तोडायचा ते ठरवायचं आणि मग सुरुवात शोधायची.

तर मी मराठी मालिकांची पटकथा आणि संवाद लिहायचे. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, बँकेत अधिकारी. तीन वर्षांसाठी म्हणून त्याची कोलकात्याला बदली झाली तेव्हा ईरा जेमतेम तीन वर्षांची होती. पुढे त्याच्या गुवाहाटी, रांची अशा बदल्या होत राहिल्या, पण ईराच्या शाळेपायी आम्ही दोघी कोलकात्यात, विमानतळाजवळच्या डमडमलाच राहिलो. मी इथून भाग लिहून मुंबईला ईमेलने पाठवायचे. सासूने सुनेला घराबाहेर काढायचं काम मी डमडमच्या तिसऱ्या मजल्यावरून करत होते, विमानं डोक्यावरून जात असताना. विमान गेलं की संवाद पुढे सरकायचा.

या सगळ्यात एक गोष्ट मला कायम खुपत राहिली. ईराने माझी एकही मालिका बघितली नाही. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर बंगालीत यायचं, नाहीतर हिंदीत. शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली, भांडणं बंगालीत. लहानपणी मी टीव्ही लावून तिला शेजारी बसवायचे, पाच मिनिटांत ती उठून जायची. मोठी झाल्यावर म्हणाली, "आई, तुझी माणसं खूप बोलतात गं." हे वाक्य मात्र तिने शुद्ध मराठीत म्हटलं. लाखो घरांत माझे संवाद पोचत होते आणि माझ्या घरात ते पोचत नव्हते. लागायचं मनाला, खोटं कशाला बोलू.

शेवटची मालिका बंद झाली तेव्हा मी पंचावन्नची होते. त्याच सुमारास ईराच्या ओळखीतून एक निरोप आला. सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये, तिच्या ऑफिसपासून दोन इमारती सोडून, व्हिडिओ गेम बनवणारी एक छोटी कंपनी आहे. त्यांना मराठी तपासून हवं होतं. चार दिवसांचं काम.

गेम कशावर, तर बर्ग्यांवर. इतिहासात आपण फार खोलात न जाता हा भाग ओलांडतो. अठराव्या शतकात नागपूरकडून मराठ्यांचे स्वार बंगालवर येत राहिले, गावं लुटली, जाळली. त्यातले बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारे शिपाई, बंगाल्यांच्या तोंडी बर्गी झाले. बर्गी येतील अशी भीती घालून इथल्या आया अजून पोरांना झोपवतात. त्यांच्या धास्तीने त्या काळी कोलकाता शहराभोवती खंदक खणला गेला, तो उत्तरेला बागबाजारपासून सुरू व्हायचा. गेमची नायिका नदीकाठच्या खेड्यातली एक बाई आहे, आणि तिला तिच्या मुलीला घेऊन त्या धुमाळीतून पार व्हायचंय.

पहिल्या दिवशी मला त्यांच्या मराठी स्वारांचे संवाद दाखवले. एक स्वार म्हणत होता, "मी तुला सोडणार नाही आहे दुष्ट गावकरी." कपाळाला हात लावला मी. मुख्य माणूस ऋतोब्रत, चौतिशीचा, उंच, हातात कायम चहाचा भांड, म्हणजे मातीचा कप, त्याने नम्रपणे विचारलं, "दिदी, चुकलंय का काही?" मी म्हटलं, व्याकरण राहू दे बाबा, असं बोलणारा स्वार घोड्यावरून आपणच पडेल.

चार दिवसांचे दोन महिने झाले. मग त्यांनी मला लेखक म्हणून ठेवून घेतलं आणि सहा भागांपैकी चौथा भाग पूर्ण माझ्यावर सोपवला. त्याच आठवड्यात मुंबईहून नव्या मालिकेसाठी फोन आला होता. मी नाही म्हणून सांगितलं. श्रीकांत तेव्हा नुकताच निवृत्त होऊन घरी आला होता. म्हणाला, "या वयात खेळायला लागलीस म्हणजे बरं चाललंय." पण खरंच सांगते, इतका आनंद मला पहिली मालिका मिळाली तेव्हाही झाला नव्हता. सकाळी मी त्याच्याआधी आवरून तयार असायचे.

हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करते. मालिका बघणारी बाई भाजी निवडत बघते. तिचे हात कामात असतात, म्हणून तिला सगळं तीनदा सांगावं लागतं. एकदा घडतं तेव्हा, एकदा कुणीतरी कुणाला सांगतं तेव्हा, आणि एकदा देवासमोर. गेममध्ये त्या माणसाचे हात गोष्टीतच गुंतलेले असतात. तो चालवेल तेव्हा नायिका चालते, तो थांबला की गोष्ट थांबते. मी लिहिलेलं त्याला ऐकायचं नसेल तर तो सरळ एक बटण दाबून पुढे जातो. एकवीस वर्षांत माझ्या तोंडावर असं कुणी बटण दाबलं नव्हतं.

शिवाय एकच वाक्य अनेकदा लिहावं लागतं. पहारेकऱ्याला चाहूल लागली तर तो "कोण आहे?" म्हणणार, पण दर वेळी तेच म्हणाला तर पोपट वाटतो. म्हणून मी "कोण आहे तिकडे" सदतीस तऱ्हांनी लिहिलं. दमलेला पहारेकरी, पेंगणारा, भ्यालेला, दुसऱ्याला ढोसणारा. घरी मोठ्याने म्हणून बघत होते तर स्वयंपाकघरातून श्रीकांत दर वेळी उत्तर द्यायचा, "मी आहे, चहा टाकतोय."

आणि ज्याला चाचणी म्हणतात तो तर माणसाला जमिनीवर आणणारा प्रकार. बाहेरची माणसं बोलावून गेम खेळायला लावतात. आम्ही शेजारच्या खोलीत त्यांचा पडदा, चेहरा आणि हात टीव्हीवर बघत बसतो. नियम एकच, बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. काही समजावायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दुसऱ्या भागात एक मरणारा म्हातारा होता, त्याच्या शेवटच्या शब्दांत नदी कुठे उतरायची ते होतं. एक सद्गृहस्थ त्याच्याजवळून गेले आणि पस्तीस मिनिटं एका कोंबडीच्या मागे धावत राहिले. म्हातारा बिचारा मरायचा थांबून होता. कोंबडी सापडल्यावर त्यांनी तिला नेऊन म्हाताऱ्याच्या शेजारी सोडलं आणि विचारलं, "आता काय करू?" मी सोफ्यावरच्या उशीत तोंड खुपसून हसले.

या सगळ्यात माझी गुरू म्हणजे मौमिता. एकतीस वर्षांची, बागबाजारची, गेमची रचना तिच्याकडे. प्रसंग कुठे घडतो, खेळणारा काय करू शकतो, हे ती ठरवायची आणि मी त्यात माणसं घालायचे. माझं प्रत्येक पान वाचून ती एकच प्रश्न विचारायची, "दिदी, हाताला काम काय?" म्हणजे या प्रसंगात खेळणाऱ्याचे हात काय करणार? त्याला नुसतं ऐकत बसवलंय की त्याला काही करायचंय? पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, वाढताना हसत हसत म्हटलं, "तुमच्यापायी खंदक खणला होता आमच्या गल्लीजवळ, आणि आज बघा, मीच तुम्हाला वाढतेय." मी पाच लुच्या खाल्ल्या. माघार घेणं शोभलं नसतं.

आता ते दार.

चौथ्या भागात गावात बर्गी आलेत. बाई आणि तिची मुलगी पुटी झोपडीत एकट्या. दार वाजतं. बाहेर एक मराठा स्वार. खेळणाऱ्याने दार उघडलं की स्वार ते चार मिनिटांचं स्वगत म्हणणार. त्याचं शेत, त्याची आई, सरदाराचा हुकूम, हातून घडलेली पापं. मग बाई त्याला पाणी देणार, तो डोळे पुसणार आणि तिचं घर जाळायचं सोडून निघून जाणार.

मी तो असा का लिहिला ते आता मला चांगलं कळतं. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातले कुलकर्णी साहेब, श्रीकांतचे बँकेतले वरिष्ठ, निवृत्त होऊन इथेच राहिलेले. गणेशोत्सवातल्या प्रत्येक नाटकात प्रमुख भूमिका त्यांची. त्यांना गेमचा विषय कळला तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, इथे राहून आपणच आपल्या माणसांना लुटारू दाखवायचं?" मी म्हटलं, साहेब, ते लुटारूच होते. तोंडाने म्हटलं खरं, पण लिहिताना हात आखडला. माझ्या स्वाराला मी पश्चात्तापाने इतकं धुऊन काढलं की तो लुटायला आलाय की कीर्तनाला, कळेना. स्वगत वाचून कुलकर्णी साहेब विरघळले. आवाज त्यांनीच दिला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेवटच्या ओळीला ते खरोखर रडले, आम्हाला पाच मिनिटं थांबावं लागलं.

आणि मग चाचणी झाली. दार वाजलं, आणि पहिल्या माणसाने कडी लावली, मुलीला उचललं, मागच्या दाराने होडीत बसून गेला. चाळीस सेकंद. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने घरात हलवता येण्यासारखं जे जे होतं ते, पाट, घडा, सूप, चरखा, दाराला टेकवलं आणि मग गेला. बाहेर कुलकर्णी साहेब ठोठावत राहिले. दुपारी अकरावा माणूस आला नाही म्हणून मी ईराला फोन केला, ती जेवणाच्या सुट्टीत धावत आली. मी मनात म्हटलं, ही तरी उघडेल, आपल्या घरातली आहे. तिने पुटीला उचललं आणि गेली. वर मला येऊन म्हणाली, "झालं? छोटाच आहे गं हा भाग."

ऋतोब्रत वाईट बोलणारा माणूस नाही. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "दिदी, तीन आठवड्यांनी दुसरी चाचणी आहे. तेव्हाही माणसं या घरात थांबली नाहीत तर चौथा भाग काढून टाकावा लागेल." भाग गेला की माझ्याकडे उरणार होतं ते मराठी तपासायचं काम. मुंबईला तर मी नाही म्हणून बसले होते. पण खरं सांगू, त्या क्षणी मला नोकरीचं वाईट वाटलं नाही. ईराने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी हातात घेतलं होतं आणि तेही चाळीस सेकंदांत ठेवून दिलं होतं.

घरी जाताना मी तिला विचारलं, का नाही उघडलंस? ती बंगालीतच म्हणाली, "आई, घरात लहान मूल आहे. बाहेर तलवार घेतलेला माणूस, त्याची भाषा त्या बाईला कळत नाही. कोण उघडेल? तू उघडलं असतंस?"

हो म्हणणं खोटं झालं असतं. कारण मी उघडलं नव्हतं.

कोलकात्याला येऊन आम्हाला पंधरा दिवस झाले होते. श्रीकांत बँकेत गेलेला, मी आणि तीन वर्षांची ईरा घरी. बंगाली मला एक अक्षर येत नव्हतं. भर दुपारी कुणीतरी दार वाजवलं. बाईचा आवाज, मोठा, घाईचा. मी कोण म्हणून विचारलं तर आणखी मोठ्याने बंगालीत काहीतरी. मला वाटलं, भांडायला आली आहे. मी घाबरले. ईरा बोलायला लागली तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दाराला कान लावून उभी राहिले. ती बाई बराच वेळ बोलत होती. मधेच थांबायची, वाट बघायची, पुन्हा बोलायची. माझ्या तळहाताला ईराचा गरम श्वास लागत होता. शेवटी ती निघून गेली. संध्याकाळी कळलं, खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. पंप दोन दिवस बंद राहणार, पाणी भरून ठेवा, एवढंच सांगायला आल्या होत्या. आम्ही दोन दिवस बादलीभर पाण्यात काढले. पुढे वीस वर्षं मावशींनी ही गोष्ट सगळ्या इमारतीला सांगितली.

हे आठवलं आणि मी रस्त्यातच थांबले. ईरा म्हणाली, काय झालं? मी तिला म्हटलं, तू जा पुढे, मला ऑफिसात परत जायचंय.

मौमिता निघायच्या तयारीत होती. मी तिला तिच्याच खुर्चीत बसवून सांगितलं, आपण दाराच्या चुकीच्या बाजूला लिहीत होतो. दार उघडायचंच नाही. मी तिला आमच्या मावशींची गोष्ट सांगितली. तिने पर्स खाली ठेवली आणि स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर ठेवून बघितला. मग म्हणाली, "बटण दाबून धरायचं."

एवढ्या तीन शब्दांत सगळं होतं. स्वार दाराशी येतो. पुटी बोलायला लागते. खेळणारा एक बटण दाबतो, बाई मुलीच्या तोंडावर हात ठेवते. बटण दाबून धरलंय तोवर मुलगी गप्प. बोट उचललं की ती बोलणार आणि बाहेरच्याला ऐकू जाणार. हाताला काम मिळालं, आणि ते काम करत असताना दुसरं काहीच करता येत नाही. फक्त ऐकता येतं. मी आनंदाने मौमिताच्या पाठीत धपाटा घातला. ती म्हणाली, "दिदी, बर्गी कुठच्या."

मग बाहेरचा माणूस काय बोलेल? स्वगत तर गेलंच. आत कुणी आहे हे त्याला माहीतच नाही, मग तो पश्चात्ताप कुणापुढे करणार? तीन दिवस डोकं फोडल्यावर लक्षात आलं, त्याच्यासोबत घोडी आहे. घोडीच्या पायात खडा रुतलाय म्हणून तो या दाराशी थांबलाय. तो तिच्याशी बोलतो. मराठीत, खाली भाषांतराची पट्टी नाही. आतल्या बाईला कळत नाही, तर खेळणाऱ्यालाही कळायचं नाही. ऋतोब्रत जरा बिचकला. मी म्हटलं, मला दुसरी चाचणी होईपर्यंत मुदत दिली आहेस ना?

कुलकर्णी साहेबांना सांगणं त्याहून कठीण गेलं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं चार मिनिटांचं भाषण कापून तुम्ही मला घोड्याशी बोलायला लावताय?" मी म्हटलं, घोडीशी. "वहिनी, चेष्टा करू नका." त्यांचा चेहरा बघून मला अपराधी वाटलं, अजूनही वाटतं. ते स्वगत माझ्याकडे आहे, त्यांच्या रडण्यासकट, आणि ते कुणीही ऐकणार नाही.

पण आले ते. पहिल्या दोन वेळा त्यांनी घोडीपुढेही नाटक केलं. मग तिसऱ्यांदा दमून खुर्चीत बसले, गुडघा दुखत होता, तो चोळत चोळत कागद वाचत गेले आणि आम्ही तेच ठेवलं. "पाय दे. दे गं. खडा आहे, दुसरं काही नाही. तुला चार आहेत बाई, एक दुखला तर तीन उरतात. माझं काय?" मग थोडं थांबून, "हे गावही रिकामं. आपण जाऊ तिथली गावं रिकामीच असतात. आपण आलो की होतात." आणि शेवटी, "पाऊस लागायच्या आत घरी जायचं म्हणाले होते. कुठल्या वर्षीच्या पावसाच्या, ते नाही सांगितलं." मग तो निघून जातो. बस, एवढंच. त्याची आई नाही, शेत नाही, पाप नाही.

दुसऱ्या चाचणीला मी सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर जाऊन बसले. पहिला मुलगा आला, कॉलेजातला, पाय हलवत बसला होता. दार वाजलं, पुटी बोलायला लागली, त्याने बटण दाबलं आणि त्याचे पाय हलायचे थांबले. बाहेरचं मराठी त्याला कळत नव्हतं. तो पडद्याजवळ सरकला आणि मान तिरकी करून ऐकायला लागला, समोरच्या पडद्यात जणू जास्त ऐकू येणार होतं. शेवटपर्यंत त्याने बोट उचललं नाही, स्वार गेल्यावरही नाही. दुसरी मुलगी, तिसरे एक गृहस्थ, सगळे तसेच बसले. एक बाई तर स्वतःचाही श्वास रोखून होत्या, मग दोन घोट पाणी प्यायल्या. ऋतोब्रत माझ्या मागे उभा राहून बघत होता. त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला. पाचव्या माणसानंतर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहिला चौथा भाग, दिदी." मी मान हलवली.

शेवटी ईरा आली. या वेळी कुणाच्या ऐवजी म्हणून नाही, मीच तिला बोलावलं होतं. आतापर्यंतच्या सगळ्यांत मराठी कळणारी ती एकटी होती, आणि तिचं काय होईल याचा मला अंदाज नव्हता. मौमिताने माझं मनगट पकडून ठेवलं. तोंड उघडायचं नाही.

दार वाजलं. ईराने बटण दाबलं. बाहेर घोडीशी बोलणं सुरू झालं. "एक दुखला तर तीन उरतात" ला ती हसली. दिवसभरात कुणी हसलं नव्हतं. गावं रिकामी होण्याच्या ओळीला तिचं हसू गेलं. ती पडद्याकडे बघत होती, पण डोळे दारावर नव्हते, कुठेच नव्हते. अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता. पावसाची ओळ झाली आणि स्वार जायला निघाला, टापा लांब जायला लागल्या. आणि ईराने दुसऱ्या हाताने सगळी बटणं दाबून बघायला सुरुवात केली. एकही काही करेना. ती पडद्याला म्हणाली, मोठ्याने, मराठीत, "अहो, थांबा. नदीवर घाट आहे, तिकडे पाणी आहे."

खोलीत ती एकटीच होती. टापा थांबल्या नाहीत. ती कॅमेऱ्याकडे वळली, जिथून आम्ही बघतोय हे तिला माहीत होतं, आणि वैतागून म्हणाली, "आई, उत्तर द्यायचं बटण कुठे आहे?"

ऋतोब्रत विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली ती? मौमिताला सगळं कळलं नव्हतं, पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझं मनगट सोडलं. मी रडत होते. मी त्यांना भाषांतर करून सांगितलं. मौमिताने वहीत एकच ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली.

ते बटण आता आहे. बाई बंगाली, तिला मराठी बोलता येणार नाही, म्हणून आतून दारावर एकदा टकटक करता येते. बस. बाहेरचं बोलणं थांबतं. थोड्या वेळाने बाहेरूनही एकदा टकटक होते आणि मग टापा निघून जातात. त्याबद्दल काही मिळत नाही, आणि ते बटण आहे असं आम्ही कुठेही सांगितलेलं नाही. ज्याला उत्तर द्यावंसं वाटेल त्यालाच ते सापडतं. कुलकर्णी साहेबांना मी कळवलं की ईराने त्यांचा आवाज ओळखला नाही. एवढी वर्षं त्यांची नाटकं बघूनही नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी मला तोच निरोप पुन्हा एकदा श्रीकांतसमोर सांगायला लावला.

चाचणीच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर घरी निघालो. सेक्टर फाइव्हहून मेट्रोत बसायला जागा मिळाली. ईरा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. एकवीस वर्षं मी भागाच्या शेवटी एक प्रश्न सोडत आले, उद्या बायकांनी शेजारणीला तो विचारावा म्हणून. बाहेरच्यांनी खूप विचारले, भाजी घेताना, लग्नात, एकदा दातांच्या दवाखान्यात तोंडात कापूस असताना सुद्धा.

सियालदा यायच्या जरा आधी ईराने फोन खाली ठेवला.

"आई, तो घरी पोचतो का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. अजून लिहिलं नाही."

"मग लिही ना," ती म्हणाली.